फिनिक्सच्या वाळवंटात घर घेताना: आधी पाणी, मग ऊन, मग घर

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं फिनिक्स आणि भोवतालची चँडलर, गिल्बर्ट, मेसा, स्कॉट्सडेल, पिओरिया, बकाय ही शहरं मिळून जो पट्टा होतो त्याला इथले लोक व्हॅली म्हणतात. चँडलरमध्ये इंटेलचे चिप बनवणारे कारखाने जुनेच आहेत. उत्तर फिनिक्समध्ये टीएसएमसी या तैवानच्या चिप कंपनीने २०२० साली जाहीर केलेला प्रकल्प अजून वाढतोच आहे, आणि त्यांच्यामागोमाग पुरवठादारही आले. २०२० च्या जनगणनेत फिनिक्स सोळा लाख वस्तीचं, देशातलं पाचव्या क्रमांकाचं शहर ठरलं. पुण्या-नाशिकहून निघून, मध्ये न्यू जर्सी किंवा बे एरियात काही वर्षं काढून इथे आलेली बरीच मराठी कुटुंबं आता घर शोधताहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

दुसऱ्या राज्यातून आलेला माणूस घर बघताना सवयीने किचन, शाळेचं रेटिंग आणि ऑफिसचं अंतर बघतो. तेही बघायचंच आहे. पण इथे वर्षाला साधारण सात इंच पाऊस पडतो. मुंबईत जोरदार पावसाच्या एका दिवसात तेवढा पडून जातो. २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटवर, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या पुढे होता. २०२४ मध्ये असे ७० दिवस भरले. अशा ठिकाणी घराचं मोल ठरतं ते त्याला पाणी कुठून येतं आणि ते उन्हापासून कसं वाचतं यावर. काउंटरटॉप बदलता येतात, घराची दिशा बदलता येत नाही. म्हणून खालचा क्रम मुद्दाम नेहमीच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवला आहे.

१. पाण्याचा कागद आधी बघा

गावाकडे जमीन घेताना आपण सातबारा काढल्याशिवाय पुढचं बोलत नाही. इथे तेवढंच महत्त्व पाण्याच्या कागदाला द्या.

ॲरिझोनाने १९८० साली भूजल व्यवस्थापनाचा कायदा केला. त्यात फिनिक्स, टूसॉन, पिनाल, प्रेस्कॉट यांसारखी क्षेत्रं नियंत्रणाखाली आली. अशा क्षेत्रात सहा किंवा जास्त प्लॉटची वसाहत विकायची असेल तर तिला शंभर वर्षं पुरेल एवढं पाणी असल्याचं राज्याच्या जलसंपदा खात्यापुढे सिद्ध करावं लागतं. याचे दोन रस्ते आहेत. एक, वसाहत अशा शहराच्या पाणीपुरवठ्यात असते ज्या शहराने हा शंभर वर्षांचा दाखला स्वतःसाठी मिळवलेला आहे. फिनिक्स, चँडलर, गिल्बर्ट, मेसा, टेम्पे, स्कॉट्सडेल, पिओरिया ही अशी शहरं. दोन, शहराकडे असा दाखला नसेल तर बिल्डर त्या एका वसाहतीपुरतं प्रमाणपत्र काढतो.

हा फरक २०२३ च्या जूनमध्ये फार महत्त्वाचा ठरला. राज्याने फिनिक्स क्षेत्राच्या भूजलाचं गणित मांडलं. पुढच्या शंभर वर्षांत मागणीच्या चार टक्के पाणी कमी पडेल असं त्यातून निघालं. तेव्हा गव्हर्नर केटी हॉब्स यांनी जाहीर केलं, की फक्त भूजलावर अवलंबून असलेल्या नव्या वसाहतींना आता प्रमाणपत्र मिळणार नाही. आधी दिलेली प्रमाणपत्रं कायम राहिली, त्यामुळे बांधकाम थांबलं नाही. पण बकाय आणि क्वीन क्रीकसारखी कडेची, झपाट्याने वाढणारी गावं यात अडकली. २०२५ मध्ये शेतीचं पाणी सोडून त्या जागी घरं बांधण्याची वाट मोकळी करणारा कायदाही आला. नियम असे बदलत असल्यामुळे ज्या वसाहतीत घर घेताय तिचा स्वतःचा दाखला कोणता, हाच प्रश्न विचारा. ‘इकडे सगळ्यांकडे पाणी आहे’ हे विक्री कार्यालयातलं वाक्य उत्तर म्हणून घेऊ नका.

नव्या घराच्या बाबतीत हे उत्तर राज्याच्या रिअल इस्टेट खात्याच्या पब्लिक रिपोर्टमध्ये असतं. बिल्डरने तो तुम्हाला द्यावाच लागतो, आणि मिळाल्याची सही घेतली जाते. बहुतेक लोक सही करतात आणि फाइलमध्ये टाकतात. तो घरी नेऊन वाचा. पाणी, सांडपाणी, जवळचा विमानतळ, गोठे, येऊ घातलेले महामार्ग, पूररेषा हे सगळं त्यात लिहिलेलं असतं.

सर्वांत सांभाळून राहायचं ते शहराच्या हद्दीबाहेरच्या मोठ्या, स्वस्त प्लॉटवरच्या घरांपासून. जमिनीचे पाच किंवा कमी तुकडे केले की ती कायद्याने वसाहत होत नाही, मग शंभर वर्षांची अटही लागत नाही. स्कॉट्सडेलच्या शेजारच्या रिओ व्हर्दे फूटहिल्समध्ये सुमारे पाचशे घरं टँकरच्या पाण्यावर होती. १ जानेवारी २०२३ पासून स्कॉट्सडेलने त्या टँकरना आपलं पाणी देणं बंद केलं. देखणी, महागडी घरं होती ती, आणि माणसं कागदी ताटल्यांत जेवू लागली. विहिरीवरचं घर आवडलंच, तर विहीर एकट्याची की चार घरांत वाटलेली, तासाला किती पाणी देते, पाण्यात आर्सेनिक आणि नायट्रेट किती, याची तपासणी घर घेण्याआधीच करून घ्या.

शहराचं पाणी असलं तरी ते कुठून येतं हे माहीत असू द्या. सॉल्ट आणि व्हर्दे नद्यांचं पाणी एसआरपी या पाणी-वीज पुरवणाऱ्या संस्थेच्या कालव्यांतून येतं. त्यांचं रूझवेल्ट धरण १९११ सालचं आहे. कोलोरॅडो नदीचं पाणी ३३६ मैल लांबीच्या कालव्यातून वाळवंट ओलांडून येतं. या नदीवर ऑगस्ट २०२१ मध्ये इतिहासात पहिल्यांदा टंचाई जाहीर झाली, आणि ॲरिझोनाच्या वाट्याला मोठी कपात आली. नदीच्या वाटपाचे २००७ चे नियमही २०२६ अखेर संपतात. म्हणून नळ कोरडे पडतील असं नाही. जुन्या शहरांनी जमिनीखाली पाणी मुरवून साठवलेलं आहे. पण दर वाढत जातील, आणि एकाच स्रोतावर असलेल्या गावाला ते जास्त जाणवतील. एसआरपीचं आणि कोलोरॅडोचं, दोन्हीकडचं पाणी मिळणारं शहर मला म्हणूनच पसंत आहे, थोडं महाग पडलं तरी.

२. भाग ठरवताना सूर्य कुठल्या बाजूला आहे ते बघा

इथले जुने लोक सांगतात, कामाच्या पूर्वेला राहा. सकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीशी आणि संध्याकाळी पूर्वेकडे परतताना पुन्हा पाठीशी. उलट बाजूला राहिलात तर दोन्ही वेळा डोळ्यांत ऊन घेऊन गाडी चालवावी लागते. चँडलरच्या इंटेलमध्ये नोकरी असेल तर गिल्बर्ट किंवा क्वीन क्रीक या हिशेबात बसतात. टीएसएमसीला जाणाऱ्यांसाठी पूर्व-पश्चिमेपेक्षा अंतराचाच प्रश्न मोठा आहे. उत्तर फिनिक्स, पिओरिया, ॲन्थम इकडे पाहिलेलं बरं. चँडलरहून तिकडे रोज जाऊ असं म्हणणाऱ्यांनी एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी पाचला तो प्रवास करून बघावा.

महागणपती मंदिरामुळे मॅरिकोपा गाव आपल्या लोकांना माहीत असतं, आणि तिथली घरं चँडलरपेक्षा स्वस्त असल्याने मोहही होतो. पण चँडलरकडे येण्यासाठी जवळपास सगळी वाहतूक एकाच राज्यमार्ग ३४७ वर आहे. अपघात झाला की सगळंच थांबतं. घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, मंगळवारी सकाळी सातला त्या गावातून निघा.

घराजवळ कशाचा आवाज आणि कशाचा वास आहे हेही बघा. पश्चिमेला ल्यूक हवाई तळाची लढाऊ विमानं उडतात. दक्षिण गिल्बर्टच्या बाजूला अजून काही गोठे आहेत, आणि वारा फिरला की कळतं. शाळांचं मी लांबवत नाही. इथे हद्दीबाहेरच्या सरकारी शाळेत जागा असल्यास प्रवेश मिळतो आणि सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या चार्टर शाळाही भरपूर आहेत, म्हणून केवळ शाळेच्या हद्दीसाठी लाखभर डॉलर जास्त मोजण्याआधी ही वाट तपासा.

३. दारापेक्षा मागच्या अंगणाची दिशा

आपल्या लोकांत पूर्वाभिमुख घराला मागणी असते. इथे मात्र त्याचा दुसरा अर्थ होतो. दार पूर्वेला म्हणजे मागचं अंगण पश्चिमेला, आणि बैठकीची खोली, स्वयंपाकघर, मोठ्या काचा, सरकदार दारं सगळं बहुतेक मागच्या बाजूलाच असतं. जुलैत दुपारी तीन ते सात या वेळात ऊन सपाट येऊन थेट त्या काचांवर आदळतं. एसी रात्री उशिरापर्यंत चालू राहतो, आणि अंगणात मुलांना अंधार पडल्यावरच सोडता येतं.

दक्षिणेचं ऊन तसं नाही. जूनमध्ये भर दुपारी सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर, साधारण ८० अंशांवर असतो. दक्षिणेच्या भिंतीवर चार फुटांचं छप्पर पुढे आलेलं असलं तरी काचेवर सावली पडते. डिसेंबरमध्ये तोच सूर्य खाली उतरतो आणि त्याच काचेतून हवीहवीशी ऊब आत येते. म्हणून इथल्या जाहिरातींत ‘उत्तर-दक्षिण’ असलेलं घर अभिमानाने सांगितलं जातं.

वास्तू पाळणाऱ्या घरांसाठी यात चांगली बातमी आहे. उत्तर ही कुबेराची दिशा. दार उत्तरेला आणि अंगण दक्षिणेला असलेलं घर घरच्या मोठ्यांनाही पटतं आणि विजेच्या बिलालाही. माझ्या मते व्हॅलीत आपल्या माणसाने आधी हे घर शोधावं. पूर्वाभिमुखच हवं असेल तर मागे खोल पडवी, पश्चिमेच्या काचांना बाहेरून सनस्क्रीनच्या जाळ्या आणि सावली देणारं झाड यांचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा. पडदे आतून लावून फारसं होत नाही, ऊन तोवर काचेतून आत आलेलं असतं.

घर बघायला सकाळी गेलात तर तेच घर दुपारी चारला पुन्हा बघा. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा.

४. गार ठेवणारी यंत्रं आणि छप्पर

इथे एसी ही सुखसोय राहत नाही. मॅरिकोपा काउंटीने (म्हणजे फिनिक्स ज्यात येतं त्या जिल्ह्याने; वरचं मॅरिकोपा गाव वेगळं) २०२३ मध्ये उष्णतेमुळे झालेले ६४५ मृत्यू नोंदवले. त्यांतल्या घरात दगावलेल्या माणसांच्या बाबतीत बहुतेक वेळा एसी बंद पडलेला होता किंवा नव्हताच. म्हणून घरातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त वेळ या यंत्राला द्या.

बाहेरच्या यंत्रावरची पट्टी वाचून वय काढा. इथल्या उन्हात दहा ते पंधरा वर्षांचं आयुष्य धरतात. बारा वर्षांचा एसी ‘चालू आहे’ म्हणजे तो लवकरच बदलावा लागणार आहे, आणि ते वाटाघाटीत मांडता येतं. आर-४१०ए गॅसवरची नवी घरगुती यंत्रं बनवणं १ जानेवारी २०२५ पासून बंद झालं. नव्या गॅसची यंत्रं जुन्या जोडीशी जुळत नाहीत, त्यामुळे जुन्या यंत्राचा एक भाग गेला तरी आतला-बाहेरचा संच एकत्र बदलण्याची तयारी ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत घर घेणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. बाहेर थंडी असताना तपासनीस एसी पूर्ण क्षमतेने चालवून बघू शकत नाही, आणि अहवालात तसं एका ओळीत लिहून ठेवतो. ती ओळ सुटू देऊ नका. एसीच्या तंत्रज्ञाकडून वेगळी तपासणी करून घ्या आणि विक्रेत्याकडे मागच्या उन्हाळ्याच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या मागा. उन्हाळ्यात तपासणी असेल तर खोलीत येणारी हवा परत जाणाऱ्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंश फॅरनहाइटने गार आहे का ते मोजायला सांगा.

दुमजली घरात वरचा मजला तापतो, हे खरं. पण अशा घरात बहुधा दोन एसी असतात. जुलैत एक बंद पडला तर ज्या मजल्यावरचा चालू आहे तिथे सगळ्यांना झोपता येतं. आई-वडील भारतातून येऊन राहणार असतील तर खालच्या मजल्यावर एक झोपायची खोली आणि पूर्ण बाथरूम असलेलं दुमजली घर ही चांगली तडजोड आहे. त्यांना ऑक्टोबर ते एप्रिल बोलवा. तेव्हा रोज संध्याकाळी फिरायला जाता येतं.

आता छप्पर. वरची काँक्रीटची कौलं पन्नास वर्षं टिकतात, पण पाणी अडवतो तो त्यांच्याखाली अंथरलेला थर, आणि तो या उन्हात वीस-पंचवीस वर्षांत ठिसूळ होतो. १९९५ ते २००५ च्या तेजीत बांधलेली हजारो घरं आता नेमकी त्या वयात आहेत. खालून कौलं सुरेख दिसतात, म्हणून कोणी विचारत नाही. कौलं उचलून खालचा थर बदलणं हा मोठा खर्च आहे. तपासनीसाने वर चढून चार कौलं हलवून पाहिली का, हे विचारा. सपाट छपरावर फोमचा थर असेल तर त्याचं वरचं लेपण काही वर्षांनी परत करावं लागतं. शेवटचं कधी केलं ते विचारा.

माळ्यात इन्सुलेशन किती जाड आहे, एसीचे नळ तिथे सुटलेले तर नाहीत, हेही तिथेच कळतं. उन्हाळ्यात माळा ६५ सेल्सिअसपर्यंत तापतो, तेव्हा तपासणी सकाळी सहा-सातची ठरवा. दुपारी कोणीच नीट आत शिरणार नाही.

५. जमीन, पाण्याची वाट आणि किडे

वाळवंटात पूर येतो, आणि झटकन येतो. १५ जून ते ३० सप्टेंबर हा इथला मान्सून. ८ सप्टेंबर २०१४ ला फिनिक्सच्या विमानतळावर एका दिवसात ३.३० इंच पाऊस झाला, वर्षाच्या सरासरीच्या जवळजवळ निम्मा. मेसात घरांत पाणी शिरलं. घरामागे कोरडा, वाळूचा ओढा दिसला तर त्याला इथे वॉश म्हणतात, आणि तो वर्षातून दोनदा ओढा होतो. पूरनकाशा काउंटीच्या पूरनियंत्रण विभागाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून बघता येतो. साध्या गृहविम्यात पुराचं नुकसान धरलेलं नसतं, तो विमा वेगळा.

वर्षानुवर्षं भूजल उपसल्याने काही भागांत जमीन खचली आणि लांबच लांब भेगा पडल्या. चँडलर हाइट्स, अपाची जंक्शन, पिनाल काउंटीतलं पिकाचो इथल्या भेगा राज्याच्या भूगर्भ सर्वेक्षणाने नकाशावर आणल्या आहेत. क्वीन क्रीक-सॅन टॅनच्या बाजूला घेताना तो नकाशा उघडायला पाच मिनिटं लागतात.

गॅरेजच्या फरशीवर पोस्ट-टेन्शन स्लॅबचा शिक्का आहे का बघा. असेल तर पुढे फरशी फोडून नळ हलवायचा विचार सहज करता येणार नाही, आत ताणलेल्या तारा असतात. १९८० च्या सुमारापासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या घरांत राखाडी पॉलिब्युटिलीनचे नळ सापडतात. ते फुटतात, आणि विमा कंपन्याही त्यांना बिचकतात.

वाळवीची तपासणी वेगळी करा, इथे ती जमिनीतून येते आणि सर्रास असते. बार्क जातीचे विंचूही काही भागांत बरेच आहेत. रात्री अतिनील टॉर्च मारला की ते चमकतात; घराच्या कुंपणाभोवती एकदा फिरून बघायला हरकत नाही. लहान मूल घरात असेल तर हे गंमत म्हणून सोडू नका. नव्या बांधकामांच्या भागात धूळ सतत उडते, आणि मातीतल्या बुरशीमुळे होणाऱ्या व्हॅली फीव्हरचे देशातले बहुतांश रुग्ण ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातच असतात. खोकला-ताप आठवडे रेंगाळला तर डॉक्टरांना या आजाराचं नाव स्वतःहून सांगा.

६. पैसे

एच-१बीवर असलेल्यांना साधं कन्व्हेन्शनल कर्ज मिळतं. २५ मे २०२५ पासून एफएचए कर्ज, म्हणजे सरकारी विमा असलेलं, मात्र ग्रीन कार्ड नसलेल्या, तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांसाठी बंद झालं. जुन्या लेखांत अजून ‘साडेतीन टक्के डाऊन पेमेंट’ वाचून कोणी हिशेब मांडू नये.

डाऊन पेमेंटसाठी आई-वडील भारतातून पैसे पाठवणार असतील तर त्यांना रिझर्व्ह बँकेच्या योजनेत प्रत्येकी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. लेंडरला भेटपत्र आणि पैशाचा पूर्ण माग लागतो. परदेशातल्या व्यक्तीकडून वर्षात एक लाख डॉलरवर भेट आली तर इथे फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर लागत नाही, पण फॉर्म चुकवला तर दंड जबर आहे. पैसे घर शोधायच्या दोन-तीन महिने आधीच खात्यात आणून ठेवा.

मालमत्ता कर इथे बऱ्याच राज्यांपेक्षा कमी आहे. तरी दोन ठिकाणी लोक फसतात. नव्या घराचं पहिलं बिल बहुधा रिकाम्या प्लॉटवर लागलेलं असतं. पुढच्या वर्षी घरासकट मूल्य धरलं की महिन्याचा हप्ता वाढतो. आणि मेसातलं ईस्टमार्क, बकायमधलं वेराडो अशा काही मोठ्या नियोजित वसाहतींत रस्ते-पाण्याच्या सोयींसाठी काढलेल्या कर्जाचा जादा कर घरमालकांवर असतो. त्याला सीएफडी म्हणतात. एचओएच्या, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेच्या, मासिक रकमेशेजारी हा आकडाही मांडून बघा.

७. नवं घर बिल्डरकडून घेत असाल तर

मॉडेल होमला पहिल्यांदा जातानाच आपला एजंट सोबत न्या किंवा त्याचं नाव नोंदवा. बरेच बिल्डर पहिल्या भेटीनंतर एजंट मान्य करत नाहीत. तिथली विक्री करणारी व्यक्ती कितीही प्रेमळ असली तरी ती बिल्डरची आहे. प्लॉट निवडताना तिसऱ्या मुद्द्यातलं दिशेचं गणित नकाशावर करा. नव्या वसाहतीत ही निवड तुमच्या हातात असते.

बिल्डरचा करार नेहमीच्या करारापेक्षा वेगळा आणि त्याच्या बाजूने झुकलेला असतो. त्याच्याच लेंडरकडून कर्ज घेतलं तर व्याजदर खाली आणून देतात. ती सवलत खरी असते, पण दर किती वर्षांसाठी खाली आहे ते विचारा आणि बाहेरच्या एका लेंडरचा आकडा शेजारी ठेवा. भिंती बंद होण्याआधी एकदा आणि ताबा घेण्याआधी एकदा आपला तपासनीस न्या. वॉटर सॉफ्टनरसाठी नळाची जोडणी आत्ताच करून घ्या. इथलं पाणी फार जड आहे, आणि क्षार हीटर-नळांत साचत राहतात.

८. ऑफर ते किल्ली

१७ ऑगस्ट २०२४ पासून घरं दाखवण्याआधी एजंटशी लेखी करार लागतो. त्यात मोबदला किती आणि विक्रेत्याने दिला नाही तर कोण देणार, हे वाचून सही करा. मुदत छोटी ठेवायला सांगा.

विक्रेत्याने ऑफर मान्य केली की बयाणा टायटल कंपनीच्या, म्हणजे मालकीचे कागद तपासून व्यवहार पुरा करणाऱ्या त्रयस्थ कंपनीच्या, एस्क्रो खात्यात जातो; व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे तिथे राहतात. राज्यातल्या प्रचलित करारानुसार तीन दिवसांत विक्रेता घराची माहिती लिहिलेलं प्रकटन देतो. तुम्हाला तपासणीसाठी दहा दिवस मिळतात, आणि ते शनिवार-रविवार धरून असतात. घर, छप्पर, एसी, वाळवी, पोहण्याचा तलाव, सांडपाण्याचा नळ या सगळ्या तपासण्या पहिल्या चार दिवसांत लावा, कारण तक्रारींची यादी एकदाच, एकाच कागदावर द्यायची असते. नंतर आठवलेलं चालत नाही. विक्रेत्याला उत्तराला पाच दिवस. त्याने नकार दिला तर सोडायचं की घ्यायचं हे तुम्हाला पुढच्या पाच दिवसांत ठरवता येतं. मी तरी दुरुस्तीपेक्षा रोख सवलत मागेन. घर सोडून निघालेला माणूस दुरुस्ती सर्वांत स्वस्तातली करतो.

याच दहा दिवसांत विम्याचा दर घ्या, एचओएचे नियम वाचा आणि मागच्या बारा महिन्यांची वीज-पाण्याची बिलं मागा. घर एपीएस या वीज कंपनीच्या हद्दीत की एसआरपीच्या, हे पत्त्यावर ठरतं, निवडता येत नाही. एपीएसच्या वेळेनुसार दराच्या योजनेत कामाच्या दिवशी दुपारी चार ते सात वीज महाग असते; पश्चिमेचं ऊनही त्याच वेळी. छपरावर सोलर असेल तर पॅनल मालकीचे की भाड्याचे, हे सर्वांत आधी विचारा. भाड्याचे असतील तर उरलेला करार तुमच्या गळ्यात येतो, त्यातली वार्षिक वाढ वाचा. नव्याने बसवायचा विचार असेल तर केंद्राची तीस टक्के करसवलत २०२५ अखेर संपली आहे, आणि जादा वीज परत विकण्याचा दरही इथे कमी मिळतो.

ॲरिझोनात लग्नानंतरची मिळकत दोघांची समाईक मानली जाते. जोडीदाराचं नाव कर्जावर नसलं तरी मालकीच्या कागदावर घालता येतं. मालकी वारसाहक्कासह समाईक अशी लिहून घेतली तर एकाच्या पश्चात दुसऱ्याला कोर्टाच्या फेऱ्या पडत नाहीत. टायटल कंपनी एखाद्या कागदावर जोडीदाराला हक्क सोडायला लावत असेल तर तो का, हे समजल्याशिवाय सही करू नये. हे विशेषतः एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्या भगिनींनी लक्षात ठेवावं.

शेवटचे पैसे पाठवताना खात्याचा क्रमांक ईमेलवरून घेऊ नका. टायटल कंपनीच्या कार्यालयाचा आधीपासून माहीत असलेला नंबर लावून पडताळा. सह्या झाल्या म्हणजे घर तुमचं झालं असं इथे नाही. काउंटीत दस्त नोंदला गेला की किल्ली मिळते. मालवाहू गाडी त्यानंतरच्या दिवसाची सांगा.

९. पहिला उन्हाळा येण्याआधी

घर स्वतः राहण्यासाठी आहे अशी नोंद काउंटी असेसरकडे, म्हणजे करासाठी घराचं मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाकडे, झाली आहे ना, ते तपासा. भाड्याच्या घराचा वर्ग वेगळा असतो. एसीचं सर्व्हिसिंग एप्रिलमध्ये उरकून घ्या, मे उजाडला की तंत्रज्ञ मिळत नाहीत. फिल्टर उन्हाळ्यात दर महिन्याला बदला, धुळीचं वादळ येऊन गेल्यावर लगेच. तलाव असेल तर त्यातलं पाणी वर्षाला सुमारे सहा फूट उडून जातं, तेवढं भरत राहावं लागतं. आणि त्याला कुंपण हवंच.

झाडं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावा, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं धरतात. पश्चिमेला पालो व्हर्दे किंवा मेस्किट, ठिबकवर. एसआरपी आपल्या ग्राहकांना प्रशिक्षण घेतल्यावर सावलीची झाडं फुकट देते. एचओएची परवानगी आधी लेखी घ्या, आणि खड्डा खणण्याच्या काही दिवस आधी ८११ वर फोन करा. ते येऊन गॅस आणि विजेच्या वाहिन्या कुठून गेल्या आहेत ते रंगाने आखून देतात.